टेक्स्टएरियातल्या सात ओळींपैकी सर्व्हरला फक्त शेवटचीच का सापडते?

होटगीरोडची_मुलगी
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मामांचा टॉवेल-नॅपकिनचा यंत्रमाग कारखाना आहे. बाहेरगावचे दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर पाठवतात आणि मामी ती वहीत उतरवतात. गेल्या महिन्यात एक ओळ उतरायची राहिली, लातूरच्या गिऱ्हाइकाला ४० डझन नॅपकिन कमी गेले. मामींना फार लागलं ते. म्हणून मी फॉर्म करायला घेतला. दुकानदाराने वेबपेजवरच्या टेक्स्टएरियात (अनेक ओळी लिहायच्या चौकटीत) मेसेज जसाच्या तसा चिकटवायचा, एका ओळीत एक माल:

टॉवेल मोठा - ५०
नॅपकिन पांढरा - १२०
चादर चौकडी - ३०

रेजेक्स (मजकुराचा साचा तपासणारं सूत्र) असा आहे: `^.+ - [०-९]+$`, एम (`^` म्हणजे प्रत्येक ओळीची सुरुवात, `$` म्हणजे शेवट) आणि यू (युनिकोडसाठी) फ्लॅग लावून. सात ओळींचा मेसेज चिकटवला तर ब्राउझरमध्ये सातही ओळी सापडतात. सर्व्हरवर पीएचपीत मात्र फक्त शेवटची. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) तपासून झालं, दोन रात्री यावरच बसले आहे. आधी टिंबाच्या (म्हणजे कोणतंही अक्षर) जागी `[अ-ह ]` लिहिलं होतं, तेव्हा तर एकही ओळ जुळली नाही.

नवीपेठ_पीएचपी
ताई, एन्कोडिंगचा दोष नाही. जावास्क्रिप्टमधून टेक्स्टएरियाची व्हॅल्यू वाचली की प्रत्येक ओळीनंतर फक्त एलएफ (नव्या ओळीचं न दिसणारं चिन्ह) असतो. फॉर्म सबमिट होताना ब्राउझर त्याच्या आधी सीआर हे आणखी एक चिन्ह घालून सीआर-एलएफ करतो. पीएचपीत एम फ्लॅग असताना `$` एलएफच्या आधी जुळतो, पण तुमच्या आकड्यानंतर तिथे न दिसणारा सीआर बसलेला असतो. शेवटच्या ओळीनंतर काहीच नसतं, म्हणून तेवढी सापडते. कमाल अक्षरमर्यादा घातली असेल तर तीही तपासा: ब्राउझर एंटर एक अक्षर धरतो, सर्व्हरवर ती दोन होतात.

`[अ-ह ]` चं कारण वेगळं. त्या पट्ट्यात स्वर आणि व्यंजनं येतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त येत नाहीत. ‘नग’ जुळेल, ‘चादर’ नाही, कारण ‘चा’मधला काना युनिकोडमध्ये ‘ह’च्या पुढे आहे.

बार्शी_नाका
सीआर काढला की सातही ओळी सापडतील, पण तिथे थांबू नका. एम फ्लॅगने ‘निदान एक ओळ बरोबर आहे’ एवढंच कळतं. सहा बरोबर आणि एक चूक असेल तर तपासणी पास होते आणि चुकलेली ओळ गुपचूप गळते. मामींच्या वहीत झालं तेच पुन्हा होईल, आणि या वेळी कोणाला कळणारही नाही.

एकच मोठा रेजेक्स सगळ्या मजकुरावर चालवू नका. आधी ओळी तोडा (पीएचपीत बॅकस्लॅश आणि कॅपिटल आर, तो दोन्ही प्रकारचे एंटर धरतो), कडेच्या मोकळ्या जागा छाटा, रिकाम्या ओळी सोडा. मग एकेका ओळीवर एम फ्लॅगशिवाय छोटा रेजेक्स. न जुळलेली ओळ तिच्या क्रमांकासकट दुकानदाराला परत दाखवा. ब्राउझरमधली तपासणी सोयीपुरतीच, टेक्स्टएरियाला तर इनपुटसारखा (एका ओळीच्या चौकटीसारखा) साचा ठरवणारा पॅटर्न अ‍ॅट्रिब्यूटही नसतो. खरी तपासणी सर्व्हरवरच.

होटगीरोडची_मुलगी
दोघा दादांचे मनापासून आभार. ओळी तोडून केलं आणि जुने मेसेज चिकटवून पाहिले. एका मेसेजमध्ये साध्या डॅशऐवजी लांब डॅश होता, एकात इंग्रजी आकडे. दोन्ही आता चालतात. काल मामींनी स्वतः बसून पाहिलं. ‘ओळ ४: चादर चौकडी तीस, आकडा सापडला नाही’ असं आलं तेव्हा त्यांनी लगेच फोन लावून त्या दुकानदाराला विचारलं.

त्यांनीच एक गोष्ट लक्षात आणून दिली: अर्धे लोक ‘५० डझन’ लिहितात, अर्धे नुसतं ‘५०’, आणि नुसत्या ५०चा अर्थ गिऱ्हाइकागणिक बदलतो. म्हणून आकड्यानंतर `(?:डझन|नग)`, म्हणजे ‘डझन’ किंवा ‘नग’, सक्तीचं केलंय. ते नसेल तर ओळ परत जाते, आम्ही अंदाज करत नाही.