मदत हवी आहे: गुडघे दुखणाऱ्या आईला दोन दिवसांत मुंबई कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

माझी आई ६८ वर्षांची आहे. औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तिने ३१ वर्षं शिकवलं. वर्गात नकाशा टांगून, छडीचं टोक मुंबईवर टेकवून "ही आपल्या राज्याची राजधानी" हे तिने किती मुलांना सांगितलं असेल याची गणती नाही. स्वतः मात्र तिने मुंबई पाहिलेली नाही. पंढरपूर झालं, तिरुपती झालं, एकदा काशीही झाली. समुद्र राहिला.

दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी तारखेचं विचारलं तर म्हणाली, "आधी मुंबई, मग गुडघे." बाबा गेल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट आहे, त्यामुळे ती नीट व्हावी असं मला फार वाटतं.

तिने जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर यादी करून दिली आहे. बोरीबंदर स्टेशन (पुढे तिच्याच अक्षरात 'पहिली गाडी, १६ एप्रिल १८५३, ठाण्यापर्यंत'), गेटवे, घारापुरीची लेणी, राणीचा बाग, म्हातारीचा बूट, हुतात्मा चौक, सिद्धिविनायक, चैत्यभूमी. आणि शेवटी 'समुद्र, पाण्यात पाय'. त्याखाली लाल पेनाने दोन रेघा.

आता अडचणी सांगते. सलग १५ मिनिटांच्या वर चालणं होत नाही. कठडा असेल तर १०-१२ पायऱ्या चढते, पण उतरताना जास्त त्रास होतो. शुगर आहे, म्हणजे जेवण वेळेवर लागतं. खाली बसायचं शौचालय तिला अजिबात चालत नाही, कमोडच लागतो. बाहेर पडायचं म्हटलं की ती पाणीच पीत नाही, ते याच धास्तीने.

आमचा विचार असा: फेब्रुवारीत लातूर एक्स्प्रेसने रविवारी सकाळी पोहोचायचं आणि सोमवारी रात्री परत निघायचं. मी आणि आई दोघीच. राहण्यासाठी रात्रीला २५००-३००० पर्यंत खर्च करू शकते.

माझ्या मावसभावाने त्याच्या आईला एका दिवसात सगळं दाखवणाऱ्या बसने नेलं होतं. मावशी दिवसभर बसच्या खिडकीतच बसून राहिली. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळायची, आणि तिला उतरून चढायलाच दहा लागायची. तसं मला करायचं नाही. यादीतली चारच ठिकाणं झाली तरी चालतील, पण ती तिला पोटभर बघता आली पाहिजेत.

तर कुठे राहू? घारापुरी जमेल का? लोकलमध्ये तिला एकदा बसवता येईल का? आणि पाण्यात पाय कुठे घालता येतील, जिथे पायऱ्या उतराव्या लागणार नाहीत?

प्रतिसाद १

ताई, मी गिरगावात वाढलो. निवृत्तीनंतर गावाकडच्या पाहुण्यांना मुंबई दाखवण्याचं कामच माझ्याकडे आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वार बदला. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद) असतो आणि गेटवे, चौपाटी, राणीचा बाग सगळीकडे सुट्टीची गर्दी. सोमवारी घारापुरीची लेणी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग आईंना झेपणार नाही. बुधवारी राणीचा बाग बंद. म्हणून गुरुवारी सकाळी या आणि शुक्रवारी रात्री निघा.

राहायला सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे आईंचं बोरीबंदर) आणि फोर्टच्या आसपास बघा. गाडीतून उतरून टॅक्सीने पाच-दहा मिनिटांत खोलीवर पोहोचता येईल. खोली घेताना फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: लिफ्ट आहे का, लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि कमोड आहे का. दुसरा प्रश्न लोक विसरतात. इथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण ती अर्धा जिना चढल्यावर सुरू होते.

घारापुरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या खेपेला नको. गेटवेहून लाँचने तासभर लागतो, तो काही त्रास नाही. पण धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात, लाँच हलत असते आणि कधी एका लाँचमधून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. पलीकडे छोटी गाडी आहे, पण ती पायथ्याशी सोडते. पुढे १२० च्या आसपास पायऱ्या. वर सदाशिवाची वीस फुटी मूर्ती बघून डोळे निवतात हे खरं, पण त्याच पायऱ्या उतरायच्याही असतात. ऑपरेशन झालं की पुढच्या वर्षी खुशाल जा.

त्याऐवजी एक सुचवतो. पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव ज्या दगडी हत्तीवरून दिलं, तो हत्ती आता बेटावर नाहीच. तो राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तो फुटला, मग तुकडे जोडून उभा केला. जवळ गेलात की सांधे दिसतात. म्हणजे बेटावर न जाताही घारापुरीचा एक तुकडा आईंना बघता येईल, सपाट जमिनीवरून.

आणि तिथे लोकलने जा. सीएसएमटीहून मशीद, सँडहर्स्ट रोड, मग भायखळा. दहा मिनिटांचा प्रवास, पण १८५३ ची पहिली गाडी गेली तोच हा मार्ग. आईंनी जो धडा शिकवला, त्या रुळांवरून त्या स्वतः जातील. भायखळा स्टेशनही जुनं आहे. त्याच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. सकाळी अकरानंतर, दुपारी चारच्या आत निघा. सीएसएमटीला गाडी सुटते तिथूनच चढायचं असल्याने डबा रिकामा मिळतो, गाडी थोडा वेळ उभी असते आणि रस्त्यावरून फलाटापर्यंत जिना लागत नाही. स्लो गाडी घ्या, बायकांच्या डब्यात बसा. भायखळ्याला पुलाच्या पायऱ्या लागू शकतात, तिथे घाई करू नका. गर्दी पुढे जाऊ द्या, मग निघा. परत येताना टॅक्सी.

गेटवेला उन्हं चढायच्या आत जा. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून त्याची पायाभरणी झाली, काम पुरं झालं १९२४ ला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण त्याच कमानीतून बाहेर पडली. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळ आहे. सगळे मजले बघायच्या भरीस पडू नका, तळमजल्यावरची शिल्पं पुरेत. स्वच्छतागृह चांगलं आहे. हुतात्मा चौक परतीच्या वाटेवरच लागेल. तिथे टॅक्सी सोडून पाच मिनिटं थांबा. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आईंना जवळून बघू द्या.

म्हातारीचा बूट मलबार हिलवर, कमला नेहरू पार्कात. बुटात आत जायची मुभा लहान मुलांनाच आहे, बाहेरून बघायचा. समोरच फिरोजशहा मेहता उद्यान. टॅक्सी दारापर्यंत जाते.

आता समुद्र. मरीन ड्राइव्हला पाय भिजवता येत नाहीत. खाली काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे रचलेत, त्यावर उतरणं धोक्याचं. कट्ट्यावर बसून सूर्यास्त बघायला मात्र तीच जागा. फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पाण्यात पाय घालायचे तर गिरगाव चौपाटी. रस्त्यावरून सरळ वाळूत उतरता येतं. कोरड्या वाळूत पाय रुततो, गुडघ्याला तीच वाळू जड जाते. ओली वाळू घट्ट असते. म्हणून भरती उतरू लागल्यावर दोनेक तासांनी जा: पाणी लांब गेलेलं नसतं आणि काठ ओला असतो.

भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती दुपारच्या सुमारास येते. पाणी फार स्वच्छ नाही हे आधीच सांगतो. पायाला जखम असेल तर नको, आणि पाय धुवायला बाटलीभर पाणी बरोबर ठेवा. शुगर आहे म्हणून मुद्दाम लिहिलं. वाळूत अनवाणी चालवू नका, रबरी चप्पल असू द्या.

प्रतिसाद २

ताई, मी दादरला राहते. माझ्या सासूबाईंचेही गुडघे असेच आहेत, त्यामुळे तुमची काळजी अगदी पोहोचली.

शुक्रवारसाठी भुयारी मेट्रो वापरा. ती आता कफ परेडपासून आरेपर्यंत सलग धावते आणि सीएसएमटी, सिद्धिविनायक, दादर ही तिन्ही स्टेशनं त्याच मार्गावर आहेत. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, स्वच्छतागृहं आहेत. फलाट आणि डबा एका पातळीत असल्यामुळे पाय उचलून चढावं लागत नाही. लोकलच्या पायरीला सासूबाई घाबरतात, मेट्रोत एकट्या चढतात. सकाळी लवकर सिद्धिविनायक, तिथून टॅक्सीने चैत्यभूमी. चैत्यभूमीच्या मागेच समुद्र आहे, पण पाण्यात पाय घालायला गिरगावच बरं.

नाश्त्याला शिवाजी पार्काजवळ आस्वाद. मिसळ तिखट वाटली तर थालीपीठ घ्या. स्टेशनजवळ मामा काणे आहे, साधं जेवण वेळेवर मिळतं. दुपारी एक ते तीन मात्र खोलीवर झोप हवीच. आपण "एवढं आलोय तर" म्हणत ओढत नेतो आणि संध्याकाळी पाय सुजतात. ही चूक मी केली आहे.

शहरात, म्हणजे वांद्रे-शीवच्या अलीकडे, रिक्षा नसतात. काळी-पिवळी टॅक्सीच मिळेल. मागच्या सीटवर आधी बसून मग पाय आत घ्यायला सांगा, आधी पाय टाकला की गुडघा पिळतो. आणि परतीची गाडी सीएसएमटीहूनच धरा, दादरला गाडी फार थोडा वेळ थांबते.

प्रतिसाद ३

काकांशी थोडा असहमत. घारापुरीला डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून वर नेतात आणि खाली आणतात. माझ्या आजोबांना तसंच नेलं होतं. शुक्रवारी सकाळी पहिल्या लाँचने गेलात तर ऊनही लागत नाही. आयुष्यात एकदा येणारी संधी आहे, बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

डोलीचं ऐकून ती गप्प बसली. मग म्हणाली, "चार माणसांच्या खांद्यावरून जायचं ते शेवटी एकदाच." दादा, तुम्ही आपुलकीने सांगितलंत, पण तिला ते चालणार नाही आणि मी आग्रह करणार नाही. घारापुरी पुढच्या वर्षी. दगडी हत्तीचं मात्र तिने दोनदा वाचायला लावलं.

गुरुवार-शुक्रवार नक्की केलं. सीएसएमटीजवळ एक खोली मिळाली आहे, लिफ्टपर्यंत दोनच पायऱ्या, कमोड आहे.

काका, तुमचा भरतीचा हिशेब वाचला आणि तिने उठून कालनिर्णय उतरवलं. त्या गुरुवारी पंचमी आहे. लगेच पाऊणकी म्हणायला लागली, "तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार." म्हणजे पावणेचारला भरती आणि सहाच्या आसपास आम्ही चौपाटीवर. बरोबर ना? शिवाय चौपाटीवरून सूर्यास्त दिसेल, की त्यासाठी मरीन ड्राइव्हलाच जावं लागेल?

एक राहिलंच: शुक्रवारी खोली दुपारी सोडावी लागेल, गाडी रात्री. सामान कुठे ठेवू?

प्रतिसाद १

अगदी बरोबर. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून त्या दिवसाची वेळ सकाळी एकदा मोबाइलवर ताडून बघा. सूर्यास्त चौपाटीवरूनही दिसतो, फक्त सूर्य पाण्यात न बुडता मलबार हिलच्या आड जातो. पाच वाजता या आणि अंधार पडेपर्यंत बसा. काळोख झाला की मरीन ड्राइव्हचे दिवे लागतात आणि अख्खी वळणदार रांग तिथूनच दिसते.

सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत, आणि गाडीचं तिकीट हाताशी ठेवा. आईंची औषधं आणि रबरी चप्पल त्या बॅगेत टाकू नका.