डुकराचं पिल्लू आणि शाळेची फी

काही जण म्हणतात की गावात शाळा बांधली की नेपाळच्या मुली आपोआप शिकतील. मला नाही पटत. पश्चिम नेपाळातल्या दांग, बर्दिया भागातल्या थारू समाजाचं उदाहरण बघा. तिथे माघीच्या सणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास, सहा-सात वर्षांच्या मुली थोड्याशा पैशांवर वर्षभराच्या बोलीने घरकामाला पाठवत. यांना म्हणत कमलरी. शाळा असून उपयोग काय, पोरगीच काठमांडूत कुणाची तरी भांडी घासतेय!

ओल्गा मरे या अमेरिकन वकीलबाईंच्या संस्थेने २००० साली दांगमध्ये साधा हिशेब मांडला. मुलीला घरी ठेवा. आम्ही तुम्हाला डुकराचं पिल्लू किंवा शेळी देतो, शाळेची फी भरतो. पिल्लू वाढवून विकलं की मुलीच्या कामाचे मिळाले असते साधारण तेवढे पैसे सुटत. सोबत कंदील आणि रॉकेलसुद्धा, रात्री अभ्यासाला. (ही रॉकेलची गोष्ट ज्याला सुचली त्याला सलाम.)

पुढे सुटून आलेल्या मुलींनीच संघटना उभी केली, मोर्चे काढले. २०१३ मध्ये सरकारला ही प्रथा संपल्याचं जाहीर करावं लागलं, त्यात या पोरींचा वाटा मोठा.