इम्फाळचं हरिकेन: लाल ठिपका नको

इम्फाळ १९४४ च्या हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल करायचंय, पण किटच्या खोक्यातले डेकल (विमानावर चिकटवायची चिन्हं) ब्रिटनच्या लढाईतले आहेत, ते चालतील का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते अजिबात नाही! ब्रह्मदेश आघाडीवर जपानी विमानांच्या लाल वर्तुळाशी गल्लत नको म्हणून आपल्याकडच्या विमानांवरच्या गोल चिन्हातला लाल ठिपकाच काढून टाकला होता. बाहेर गडद निळा, आत फिकट निळा, बस्स. अर्जन सिंग यांच्या, भारतीय हवाई दलातल्या क्रमांक १ स्क्वाड्रनची विमानंही अशीच.

पंखही तपासा. हरिकेनच्या मार्क १ या प्रकाराला ८ मशीनगन, मार्क २सी ला २० मिमीच्या ४ तोफा, आणि त्यांच्या नळ्या पंखापुढे चांगल्या बाहेर येतात. १/७२ प्रमाणाच्या छोट्या मॉडेलमध्येही चूक लगेच दिसते.

वरचा हिरवा-मातकट रंग बाटलीतून थेट मारू नका, थोडा पांढरा मिसळा. तिकडच्या उन्हापावसात रंग विटायचे. डेकलआधी ग्लॉस वार्निशचा हात हवाच, नाहीतर कडेला चंदेरी झाक राहते. शेपटीकडचा भाग कापडी होता, तिथे रंग उडून धातू दिसतोय असं दाखवू नका, बरेच जण दाखवतात. मॉडेलच्या तुकड्यांचा सांधा मात्र लांबी (पुट्टी) भरून, पाणकागदाने घासून मगच प्रायमर.