‘कामं पूर्ण’ म्हणजे काय? स्मार्ट सिटीचं मोजमाप कशावर करायचं?

वडगावकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘स्मार्ट सिटीनं बेळगावचं रूप पालटलं, आता रडगाणं थांबवा.’ रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. जानेवारी 2016 मध्ये पहिल्या 20 शहरांत आपला नंबर लागला. केंद्राचे 500 कोटी, तेवढाच वाटा राज्याकडून, असा हिशोब. मार्च 2025 ला योजना संपली. आता यश कशावर ठरवताय? पूर्ण झालेल्या कामांच्या आकड्यावर? आमच्या गल्लीतलं नवं गटार रस्त्यापेक्षा चार बोटं उंच आहे. पाऊस झाला की पाणी गटारात न जाता उंबऱ्यावर येतं. कागदावर तेही पूर्णच.

टिळकवाडीवाला: ती पोस्ट माझी. मंडोळी रोड आधी कसा होता, आठवा जरा. माझी आई पंच्याहत्तरीची. आता फुटपाथवरून एकटी देवळात जाऊन येते. हे मोजणार की नाही?

शहापूर शिवार: फुटपाथचं राहू दे दादा, बळ्ळारी नाल्याचं बोला की! भात हातभर झालं की पाणी शिवारात चढतंय. गेल्या पावसाळ्यात उपटून बघितलं, मुळं काळी, हाताला कुजका वास. शहरात जेवढं काँक्रीट वाढतंय, तेवढं पाणी आमच्या बांधावर येतंय.

टिळकवाडीवाला: नाल्याचा विषय वेगळा, योजनेच्या हद्दीवर बोला.

शहापूर शिवार: तुमच्या गटारातलं पाणी हद्द बघून थांबतंय काय?

अनगोळची सून: पाण्यावरून भांडताय, तर नळाचंही ऐका. 2008 पासून जागतिक बँकेच्या पैशातून काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. माझी बहीण त्या भागात, तिच्याकडं घागरीसुद्धा उरल्या नाहीत. मी अजून पहाटे चारला उठून नळ बघते. राकसकोप धरण भरलं काय, हिडकल धरण भरलं काय, माझी बादली रिकामीच. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर आजही टिळकवाडीत आहे. तसल्या जुन्या विहिरी नीट ठेवल्या असत्या तर उन्हाळ्यात टँकरमागं पळावं लागलं नसतं.

वडगावकर: वहिनी, विहिरींचं शंभर टक्के पटलं. आणि कामाच्या फलकावर रक्कम, मुदत फक्त कन्नडमध्ये. माझ्या वडिलांना वाचता येत नाही. जाब विचारायचा तर कशाच्या जोरावर?

टिळकवाडीवाला: आली भाषा! गटार उंच आहे ते फलकामुळं काय?

वडगावकर: ठेकेदाराची मुदत कळली असती तर सिमेंट ओलं असतानाच माणसं गोळा करून अडवलं असतं. होय, फलकामुळंच.

टिळकवाडीवाला: बरं. फलक मराठीतही हवा, मान्य. काम संपल्यावर एक पावसाळा बघूनच पूर्ण म्हणावं, हेही मान्य. पण मंडोळी रोड चांगला झालाय, ते मी मागं घेणार नाही.

शहापूर शिवार: नका घेऊ. जुलैत एकदा बांधावर या, चप्पल घरी ठेवून.