मदत हवी आहे: एसएसआयएम ०.९८, तरी पैठणीचा रंग उतरलेला का दिसतो?

हिरवाकाठ: दादरच्या एका साडीविक्रेत्यांच्या संकेतस्थळासाठी मी पैठण्यांच्या छायाचित्रांच्या जेपेग फाइली हलक्या करून देतो. प्रत्येक छायाचित्र डोळ्यांनी तपासणे शक्य नसल्यामुळे मूळ चित्राशी तुलना करून एसएसआयएम (दोन चित्रांच्या साम्याचा आकडा; १ म्हणजे तंतोतंत सारखी) काढतो. तो ०.९८ च्या खाली क्वचितच जातो. तरीही काठावरच्या मोरांचा लाल रंग हिरव्यात फुटल्यासारखा आणि एकूण साडी फिकी दिसते, आणि गिऱ्हाइके तक्रार करतात. माणसाच्या डोळ्याशी जुळणारे एकच मोजमाप कृपया सांगावे. काम याच आठवड्यात द्यायचे आहे.

कुलाबा_पिक्सेल: माहिती अपुरी आहे. मूळ फाइलचे रंग-प्रोफाइल (पिक्सेलमधील आकडे नेमके कोणते रंग दर्शवतात हे सांगणारी नोंद) कोणते? एसएसआयएम तिन्ही रंगांवर काढता की चित्र राखाडी करून? वँग, बोविक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेली ही पद्धत बहुतेक ठिकाणी केवळ उजळपणावर चालवली जाते. लाल मोर आणि हिरवा काठ यांचा उजळपणा जवळपास सारखा असेल, तर राखाडी चित्रात त्यांच्यामधली कडच उरत नाही. मग ती बिघडली तरी आकड्याला पत्ता लागत नाही.

हिरवाकाठ: राखाडी करूनच काढतो. मूळ फाइल कॅमेऱ्यातून येते, तिच्यात विशेष काही नाही. मला पद्धतीचे नाव हवे आहे.

गणकयंत्र: एलपीआयपीएस वापरावे. २०१८ पासूनची ही पद्धत न्यूरल नेटवर्कच्या आधारे तुलना करते आणि माणसांच्या निवडीशी एसएसआयएमपेक्षा चांगली जुळते. मी दुसरे काही वापरत नाही.

मापनपट्टी: असहमत. टीआयडी२०१३ या संचात २५ मूळ चित्रांवर २४ प्रकारचे दोष प्रत्येकी ५ पातळ्यांवर घालून ३,००० चित्रे माणसांकडून जोखली आहेत. सर्व दोषांच्या सरासरीत वर आलेली पद्धत तुमच्या एका दोषावरही वरचढ ठरेलच असे नाही. आधी दहा-पंधरा माणसांना चित्रे दाखवून गुण घ्यावेत आणि ज्या पद्धतीची क्रमवारी त्यांच्याशी जुळेल ती निवडावी.

गोरेगाव_स्टुडिओ: रेशमासाठी दिवे उच्च सीआरआयचे, म्हणजे रंग खरे दाखवणारे हवेत. आधी दिवे बदलावेत.

मापनपट्टी: प्रश्न छायाचित्र काढून झाल्यानंतरचा आहे.

हिरवाकाठ: कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर आहे. फाइल हलकी व्हावी म्हणून प्रोफाइल काढून टाकतो. त्याचा येथे काय संबंध?

कुलाबा_पिक्सेल: फिकेपणाचे कारण तेच आहे. प्रोफाइल नसलेली फाइल ब्राउझर एसआरजीबी (वेबवरची नेहमीची, ॲडोबी आरजीबीपेक्षा लहान रंगव्याप्ती) समजून दाखवतो, म्हणून तेच आकडे फिके रंग देतात. पिक्सेलमधील आकडे जवळपास तेच राहतात, त्यामुळे नुसते आकडे ताडून पाहणाऱ्या कोणत्याही पद्धतीला हा दोष दिसणार नाही. जेपेग करण्यापूर्वी चित्र एसआरजीबीत रूपांतरित करावे. मोजताना मूळ चित्र त्याच्या प्रोफाइलनुसार आणि जेपेग ब्राउझर समजतो तसे एसआरजीबी धरून सीआयईलॅब या डोळ्याला जाणवणाऱ्या रंगफरकांवर बेतलेल्या मोजणीत न्यावे, आणि सीआयईडीई२००० या रंगफरकाच्या सूत्राने फरक काढावा. बारीक विणीसाठी झँग आणि वँडेल यांची १९९६ ची एस-सीआयईलॅब अधिक योग्य. ठरावीक अंतरावरून डोळ्याला जेवढे बारकावे दिसतात तेवढेच ठेवून ती फरक काढते. लाल फुटण्याबद्दल माझा संशय ४:२:० या जेपेगमधील रंगकपातीवर आहे, कारण त्यात चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना उरतो.

गणकयंत्र: चित्रे योग्य रंगांत आणून दिली तर एलपीआयपीएसही फरक पकडेल.

कुलाबा_पिक्सेल: पकडेल, पण रंगफरकाच्या नकाशात संपूर्ण साडी सरसकट बदलली की केवळ मोरांच्या कडा बिघडल्या, हे वेगळे दिसते, आणि येथे दोष दोन आहेत. हिरवाकाठ, जेपेग कोणत्या सॉफ्टवेअरने करता आणि त्यात ४:४:४ चा (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठेवणारा) पर्याय आहे का, एवढे कळवावे.