छोट्या दुकानाला इन्स्टाग्राम हवेच का?

प्रश्न: गिरगावात आमचे फराळ-मसाल्यांचे छोटे दुकान असून गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचेच आहे, तरीही मुलगी इन्स्टाग्रामचा आग्रह धरते. त्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर १: रील करायला माणूस नसेल, तर नाही. आधी गुगल मॅप्सवर दुकानाची विनामूल्य नोंद करून वेळा अचूक ठेवाव्यात. बंद दुकान ‘उघडे’ दिसले की नवखा ग्राहक परत येत नाही.

उत्तर २: आम्हांला २०१८ साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेस अधिक उपयोगी पडले, कारण दिवाळीची मागणी तेथे लेखी राहते. इन्स्टाग्रामवरील पसंतीतून (निदान आमच्या तरी) विक्री क्वचितच झाली.

उत्तर ३: मी असहमत आहे. गिरगावातील कितीतरी जुनी बिऱ्हाडे बोरिवली-डोंबिवलीकडे गेली असल्याने तुमचे ओळखीचे गिऱ्हाईकच आता दुकानासमोरून जात नाही. त्यांच्यासाठी पान उघडावे, मात्र घरपोच व्यवस्था आधी ठरवावी.