पेमेंट ॲप निवडताना स्टोअरवरील अभिप्राय कितपत ग्राह्य धरावेत?

सह्यकडा (धागालेखक)

यूपीआयच्या दोन ॲप्सपैकी कोणते घ्यावे असा प्रश्न पडला, की आपल्यापैकी बरेच जण प्ले स्टोअर उघडतात आणि ४.४ व ४.१ एवढ्या फरकावर निकाल देऊन मोकळे होतात. ही पद्धत सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सरासरी रेटिंगवरून ॲपच्या गुणवत्तेपेक्षा अभिप्राय केव्हा आणि कोणाकडे मागितला, हेच अधिक कळते. पैसे पोहोचल्याची हिरवी खूण उमटताच तारे देण्याची खिडकी पुढे करणारे ॲप समाधानी माणसांचीच मते गोळा करते. ज्याचे पैसे अडकले आहेत, त्याच्यासमोर ती खिडकी येतच नाही.

शिवाय दोन्ही स्टोअरची मोजण्याची रीत सारखी नाही. गूगलने २०१९पासून अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन द्यायला सुरुवात केली, तर ॲपलच्या स्टोअरवर नवी आवृत्ती आणताना निर्मात्याला जुनी सरासरी पुसून टाकता येते. झुंडीने दिलेल्या ताऱ्यांची तर गोष्टच वेगळी. मे २०२०मध्ये यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांच्या वादात टिकटॉकचे भारतातील रेटिंग पाहता पाहता दीडच्या खाली घसरले आणि गूगलने लाखो अभिप्राय काढून टाकल्यावर पुन्हा वर गेले. ॲप मात्र तेच होते. २०१७मध्ये स्नॅपचॅटवरचा राग नावातील साधर्म्यामुळे काहींनी स्नॅपडीलवर काढला होता. अशा आकड्यावर कोणी आपल्या पैशांचे साधन का निवडावे?

शेवंती

ताऱ्यांबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे, पण तुम्ही ताऱ्यांसोबत मजकूरही फेकून देत आहात आणि ते मला अजिबात पटत नाही. दोन्ही ॲप्सचे दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय, सर्वांत नवे आधी असे लावून, सलग वाचून पाहा. पाच तारे देणारा बहुधा ‘छान ॲप’ एवढेच लिहितो आणि एक तारा देणारा रागाच्या भरात असतो. तीन तारे देणारा मात्र काय आवडले आणि काय अडले, हे दोन्ही सांगतो. ‘अपडेटनंतर सिम पडताळणी पुढे सरकत नाही’, ‘जाहिरातींच्या गर्दीत मागचे व्यवहार सापडत नाहीत’ अशी वाक्ये एका ॲपखाली पुन्हा पुन्हा आणि दुसऱ्याखाली क्वचितच दिसत असतील, तर ती तुलना नव्हे तर काय? कंपनी प्रत्येक तक्रारीखाली तोच ठरावीक मजकूर चिकटवते की नेमकी अडचण विचारते, हेही तिथेच दिसते.

काउंटर नंबर तीन

बँकेत डिजिटल व्यवहारांच्या तक्रारी हाताळल्या आहेत, म्हणून लिहितो. शेवंतीताई, लोक आपल्याला आलेला अनुभव प्रामाणिकपणे लिहितात, पण दोष कोणाचा हे त्यांना तिथून दिसू शकत नाही. ॲपमधून निघालेली विनंती ॲपशी जोडलेल्या बँकेकडून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेत जाते, तिथून पैसे देणाऱ्याच्या बँकेत आणि मग घेणाऱ्याच्या बँकेत. यातला कोणताही दुवा अडला, तरी ग्राहकाला दिसतो तो ॲपचाच पडदा, आणि एक तारा मिळतो तो ॲपलाच. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय देशभर विस्कळीत झाले, तेव्हा ॲप बदलून काय साधले असते?

व्यवहार किती अडतात हेच पाहायचे असेल, तर एनपीसीआय दर महिन्याला बँकनिहाय आकडे प्रसिद्ध करते. तांत्रिक कारणांनी फसलेले व्यवहार त्यात वेगळे दिलेले असतात. चुकीचा पिन किंवा अपुरी शिल्लक यांची गणना निराळी होते. ‘पैसे कापले, पण पोहोचले नाहीत’ ही तक्रार वाचून ॲपची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते.

नादब्रह्म

मी दृष्टिहीन आहे आणि पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकच्या आधाराने फोन वापरतो. काउंटरसाहेब, तुमच्या तक्त्यात माझी अडचण कुठल्या रकान्यात येते? एका ॲपमध्ये रक्कम भरून मी बोट पुढे सरकवले, तर सलग तीन ठिकाणी ‘नाव नसलेले बटण’ एवढेच ऐकू आले. त्यांतले पैसे पाठवण्याचे कोणते, हे पत्नीला विचारावे लागले. दुसऱ्या ॲपची माहिती मला एका अंध वापरकर्त्याच्या अभिप्रायातून मिळाली. पिनचे आकडे दाबताना काय ऐकू येते, इतक्या तपशिलात त्यांनी लिहिले होते. त्या ॲपची सरासरी कमी होती. सरासरी पाहून निवड केली असती, तर आजही दुसऱ्याच्या हातूनच पैसे पाठवत राहिलो असतो.

काउंटर नंबर तीन

तुमचा मुद्दा निर्विवाद आहे. पडद्यावरची मांडणी, भाषा, बटणांची नावे ही सर्वस्वी ॲपची जबाबदारी असल्याने त्याबाबतचे अभिप्राय मी पुरावा मानतो. अडकलेल्या पैशांबद्दलचे अभिप्राय मात्र तुलनेतून वगळावेत, या मतावर मी ठाम आहे.

शेवंती

सगळे वगळू नका. पैसे बँकेमुळे अडकले असतील, पण तक्रार नोंदवण्याची जागा ॲपमध्ये सापडली का आणि उत्तर किती दिवसांनी आले, हे त्याच अभिप्रायांत लिहिलेले असते, आणि तो दोष बँकेच्या माथी मारता येणार नाही.